दसरा झाला की

हस्त नक्षत्र लागलं, की आमच्या घरातली माणसं माझ्या वाटेला जात नाहीत. वर्षभर कुरकुरणारं दार, ठिबकणारा नळ, जिन्याचा हलणारा कठडा, हे सगळं मला त्या पंधरवड्यात एकदम दिसायला लागतं आणि दिसलं की दम धरवत नाही. बायको म्हणते, ह्यांच्या अंगात आलंय. सुनेनं तर शेजारणीला सांगून ठेवलंय, की काही अडलं असेल तर दसऱ्याच्या आत आमच्या मामांना सांगा, नंतर त्यांचा काही भरवसा नाही. ती म्हणते ते खरंच आहे. दसरा उलटला की मी पुन्हा पहिल्यासारखा होतो, खुर्चीत बसतो आणि "बघू" म्हणतो.

पण ते पंधरा दिवस मला बसवत नाही. साताऱ्याचा खरा पाऊस पश्चिमेचा. तो यवतेश्वराच्या अंगानं येतो, महिनोन्‌महिने रेंगाळतो, कपडे वाळू देत नाही, भिंतींना बुरशी आणतो. पण त्याची भीती कधी वाटत नाही, घरचाच आहे तो. भाद्रपद सरता सरता तो जातो. ऊन तापतं, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचं गवत पिवळं पडायला लागतं, गल्लीत मुलींचा हादगा सुरू होतो. आणि मग एखाद्या दुपारी वारा पडतो. गच्चीवर जाऊन पाहावं तर पूर्वेला, कोरेगावच्या पलीकडं, ढग उभे राहिलेले असतात. आडवे नव्हे, उभे. खालून काळे, वरून पांढरे. पाऊस नेहमीच्या बाजूनं न येता उलट्या बाजूनं येतोय, खरं तर एवढंच. पण मला कवठे महांकाळचा तो माळ दिसायला लागतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी तिकडं ओव्हरसियर होतो. चोवीस वर्षांचा, डिप्लोमा घेऊन नुकताच नोकरीला लागलेला. गावोगाव दुष्काळी कामं निघाली होती. कुठं खडी फोडणं, कुठं रस्ता, कुठं पाझर तलाव. माझ्या वाट्याला एक पाझर तलाव आला. दोन टेकाडांच्या मधून एक कोरडा ओढा जात होता, त्याच्यावर मातीचा बांध घालायचा. शेकडो माणसं कामावर होती. बायकांच्या डोक्यांवरच्या पाट्या, नाकातोंडात जाणारा फुफाटा, दुपारी वाटल्या जाणाऱ्या सुकडीचा गोडूस वास, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा घशात अडकणारा घास. आभाळ इतकं स्वच्छ, की वर बघायची लोकांची सवयच मोडली होती.

बांध रोज संध्याकाळी थोडा उंच झालेला दिसायचा. मला ते फार आवडे. पण नकाशात बांधाच्या डाव्या अंगाला आणखी एक काम दाखवलं होतं, सांडव्याचं. तलाव भरला की जादा पाणी बांधावरून न जाता बाजूनं निघून जावं, म्हणून टेकाड फोडून काढायची वाट म्हणजे सांडवा. मातीच्या बांधाचा सगळा जीव त्या वाटेत असतो. ती नसली आणि पाणी माथ्यावरून गेलं, की माती विरघळते आणि अख्खा तलाव एकदम खाली येतो. हे मला पुस्तकातून पाठ होतं. आणि खाली, ओढ्याच्या काठाला, बांधापासून हाकेच्या अंतरावर एकच घर होतं. ते हौसाबाईचं. तिचा नवरा फौजेत, वर कुठंतरी सीमेवर. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. दिवसभर ती माझ्याच कामावर पाटी उचलायची आणि मधूनमधून खाली जाऊन म्हातारीला पाणी पाजून यायची.

सांडव्याचं काम मी काढलं नाही. त्याचं कारण आधी गावानंच मला आयतं दिलं. आखणीसाठी चुना घेऊन मी टेकाडावर गेलो, त्या दिवशी गावचे तात्या चार माणसं घेऊन आले. तात्या निवृत्त सुभेदार, माझ्या वडिलांच्या वयाचे, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. त्यांनी मला खाली बसवलं, पान दिलं आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, पानी अजून यायचं हाय, आन तुमी त्येला जायाची वाट खनाय लागलासा. दोन वरसं पोरांनी वड्याला पानी बगितलं न्हाई. पयलं येऊ द्या. डोळं भरून बगू द्या. मग घालवा कुटं घालवायचं त्ये."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. बायकांनी त्या बांधाची ओटी भरली होती. जिथं थेंबाची वाट पाहत माणसं उभी आहेत, तिथं पाणी बाहेर काढायची तजवीज आधी करणं हा अपशकुनच. मी चुन्याची पाटी परत आणली.

पण परत येताना मला हायसं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे. सांडव्याच्या तळाची पातळी बिनचूक लागते. ती काढायला दुर्बिणीसारखं एक यंत्र असतं. कॉलेजात आमच्या गटात दुसराच एक मुलगा त्यातून बघायचा आणि मी आकडे लिहून घ्यायचो. माझं अक्षर चांगलं होतं ना. मातीत चूक झाली तर पुन्हा भरता येते, खडकात काय करणार? आणि कुणाला विचारावं तर साहेबाला येत नाही हे गावभर होणार. एखाद्या कामाची भीती वाटते तेव्हा माणूस तसं म्हणत नाही, तो लोकांच्या भावना जपायला लागतो. मी तेव्हा गावाच्या भावना फार जपल्या.

शिवाय मी रिकामा बसलो होतो असं कुणी म्हणू नये. दर शनिवारी मी पुढच्या कामाचं नवं वेळापत्रक करायचो. मोठा कागद, रेघा आखून, झालेलं काम निळ्या पेन्सिलीनं, व्हायचं ते तांबड्या. सांडवा नेहमी पुढल्या आठवड्यात असे. तो आठवडा आला की कागद नवा. सांगलीहून डेप्युटी साहेब जीपनं आले, तेव्हा त्यांनी सांडव्याचं विचारलंच. मी कागद पुढं केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आखणी छान केलीय म्हणाले आणि जेवायला गेले. कागदावर काम लिहिलं की ते निम्मं झाल्यासारखं वाटतं, हे मला त्या उन्हाळ्यात पुरेपूर कळलं.

मग मृग आला. दोन-चार सरी पडल्या, तेवढ्यावर सगळं गाव बाजरी पेरायला रानात गेलं. शेकडो हातांनी मे महिन्यात पंधरा दिवसांत जे झालं असतं, त्याला आता माझ्याकडं हौसाबाई धरून दहा-बारा माणसं उरली. बांध मात्र पुरा झाला होता. उंच, गुळगुळीत, पाण्याला जायला कुठंच वाट न ठेवलेला. संध्याकाळी मी त्याच्यावरून चालायचो तेव्हा खाली हौसाबाईच्या घरातून धूर निघताना दिसायचा. सरळ माझ्या पायांखाली. पूर्वी ते घर मला दिसत होतं. आता मी त्याच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करायला लागलो.

एकदा काम सुटताना तिनं विचारलं, "सायेब, त्ये बाजूचं कवा?" मी म्हणालो, उद्या धरू. दोन दिवसांनी पुन्हा तिनं विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. असं चार-पाच वेळा झालं. नंतर तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर ती जात्याच्या दोन दगडांतली एक तळी डोक्यावर घेऊन टेकाड चढत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी तळी. वर कडब्याचं एक छप्पर उभं राहत होतं. मी न राहवून विचारलं, तेव्हा तिनं ओझं न उतरवताच सांगितलं, "आवं, पानी आलं तर मी पळंन. म्हातारीला पळाया येनार न्हाई. आन समदं एकदम न्ह्यायला मला चार हात न्हाईत. म्हनून रोज एक."

तिनं मला बोल लावला नाही. लावला असता तर मी चिडलो असतो, नियम सांगितले असते, आणि माझी सुटका झाली असती. ती फक्त रोज एक वस्तू वर नेत राहिली. उखळ. रांजण. नवऱ्याची काळी लोखंडी ट्रंक. कोंबड्यांचं खुराडं. दिवसभरात मी पुढं ढकललेलं काम संध्याकाळी तिच्या डोक्यावरून टेकाड चढायचं. आकाशात ढग यायचे आणि न बरसता जायचे. गाव त्यांच्याकडं आशेनं बघायचं आणि मी मनात म्हणायचो, जा बाबांनो. दुष्काळी मुलखात राहून पाऊस पडू नये असं वाटणारा मी एकटाच असेन.

आषाढातल्या एका संध्याकाळी तिनं म्हातारीला नेलं. गोधडीत गुंडाळून पाठीला बांधलं होतं. म्हातारीचे उघडे पाय मागं लोंबत होते. अर्ध्या चढावर हौसाबाई थांबली, वाकली, गाठ सारखी केली आणि पुन्हा निघाली. मी बांधावर उभा होतो, काखेत वेळापत्रकाची गुंडाळी होती. मदतीला जावंसं वाटलं आणि जायची लाज वाटली. खालच्या घरातून त्या दिवशी धूर निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत मी बाबालालला गाठलं. बाबालाल मिरजेकडचा पाथरवट, माझ्या उरलेल्या माणसांत दगडाचं काम कळणारा तेवढाच एक. मी यंत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि सांगून टाकलं, की मला ह्यातून पातळी नीट काढता येत नाही. वाटलं तो हसेल. तो दाढी खाजवत म्हणाला, "आवं, मला तर त्यातनं कवा काय दिसलंच न्हाई. चला, दोगं मिळून बगू." आम्ही बघितलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. ज्या कामाला मी चार महिने भीत होतो ते दुपारच्या भाकरीच्या आत संपलं होतं. मला हसावं की रडावं कळेना.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या नोकरीतले सर्वात चांगले. वेळापत्रकाचा कागद मी गुंडाळून ठेवला. रोज सकाळी खडकावर खडूनं एक रेघ मारायची, हातभर पुढं. संध्याकाळपर्यंत तिथवर पोचायचं. बास. जास्त नाही, कमी नाही. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, हौसाबाईची बघून उचलली होती. तात्या एकदा येऊन काम बघून गेले, दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले दोन मुलगे पहारी देऊन पाठवले. मुरूम निघाला, त्याखाली मुरमाहून कठीण मांजऱ्या दगड निघाला. काम नेटानं चाललेलं असलं की माणसाची चालसुद्धा बदलते. सकाळी हौसाबाईच्या समोरून जाताना मी मान वर करून जाऊ लागलो.

राहिली ती म्हस. सांडव्याच्या ऐन मध्यावर काळ्या पाषाणाचा एक उंचवटा होता. बाबालालनं त्याला म्हस नाव दिलं होतं, कारण ती बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. छिन्नी तिच्यावरून नुसती घसरायची. सुरुंग लावावा लागणार, त्याची दारू परवान्यावर सांगलीहून आणावी लागणार, त्यासाठी मी एक अर्ज लिहायला हवा होता. अर्ज एका पानाचा. पण सगळं काम झालेलं, म्हशीच्या दोन्ही बाजूंनी वाट मोकळी दिसतेय, पाऊस कुठं नाही. आज लिहू, उद्या लिहू. पुढं, सगळं होऊन गेल्यावर, ती दोन सुरुंगांत गेली. दोन दिवसांचं काम होतं सगळं.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी मी हौसाबाईला पुन्हा टेकाडावर पाहिलं. डोक्यावर जात्याची तळी. पण या वेळी ती उतरत होती. मला इतका आनंद झाला, की काय सांगू. डेप्युटी साहेबांच्या शेऱ्यापेक्षा मोठा शेरा मिळाल्यासारखं वाटलं. ती रोज एक वस्तू खाली नेऊ लागली आणि मी रोज संध्याकाळी ते बघायला बांधावर थांबू लागलो.

आता जे सांगायचं ते सांगायला मी पन्नास वर्षं टाळाटाळ केली. मला ठाऊक होतं, की म्हस निघाल्याशिवाय ती वाट धोक्याची आहे. मोठं पाणी आलं तर म्हशीवर आदळून उजवीकडं वळणार, तिथला काठ नुसत्या मुरमाचा, आणि त्याच्या बरोबर खाली हौसाबाईचं घर. थांबा, एवढा दगड निघू द्या, मग सामान न्या, असं मी एका वाक्यात तिला सांगू शकत होतो. सांगितलं नाही. तिचा माझ्यावर बसलेला विश्वास मला इतका गोड लागला होता, की त्यात खडा टाकवेना. एकदा तिनंच विचारलं, म्हस कधी निघणार. मी म्हणालो, "दसरा झाला की." तिनं मान हलवली. तीन महिने मी बोललेलं करून दाखवलं होतं, आता तिला माझ्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारं पूजायची तिकडं पद्धत आहे. पहारी, टिकाव, घण, छिन्न्या, सगळं धुऊन घोंगडीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात. पूजेला बसलेल्या हत्याराला मग दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. एक दिवसाचा मामला. मी मात्र उदार झालो. माणसं दमलीत, म्हणून दोन दिवस आधीच हत्यारं धुऊन ठेवायला सांगितली. अर्ज एकदाचा लिहिला होता, पण सणाला घरी निघालो तेव्हा तो खिशात तसाच होता. सांगलीत एस.टी. बदलताना कचेरीत देऊ म्हटलं होतं, पण साताऱ्याची गाडी लागलेलीच होती.

नवमीच्या दुपारी मी साताऱ्यात घराच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होतो. आत आई पुरण वाटत होती. वारा पडला. शिडीवरून सहज पाहिलं तर पूर्वेला ढग उभे होते, मी त्या ऋतूत कधी पाहिले नव्हते इतके उंच. आत विजा हलत होत्या, आवाज मात्र नव्हता. खाली वडील उभे होते. त्यांनी विचारलं, "तुझा सांडवा झाला का रे?" मी म्हणालो, झाला, थोडा राहिलाय. ते आयुष्यभर फौजेत होते, त्यांनी "थोडा म्हणजे किती" एवढंच विचारलं, आणि मी बांधलेल्या तोरणाची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागलो.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं मी निघालो. कराडला माणसं आपट्याची पानं घेऊन चढली. सांगलीला ऊन होतं. मिरजेच्या पुढं मात्र रस्त्याकडेच्या चरांतून तांबडं पाणी धावताना दिसलं. समोरून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं आमच्या कंडक्टरला खिडकीतून ओरडून सांगितलं, की तिकडं लय झोडपलंय, पहाटंपतुर धरलाय. गाडीतले लोक आनंदानं बोलायला लागले. मी पुढच्या बाकाचा गज धरून बसलो होतो. तलावाच्या वाटेवर, अजून टेकाडाच्या अलीकडंच होतो, तोवर ओढ्याचा आवाज आला. वर्षभर त्या माळावर राहून तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

बांध उभा होता. आणि काठोकाठ पाणी. तांबडं, जड, नजर पोचेल तिथवर. सगळं गाव बांधावर जमलं होतं. बायका वाकून पाण्याला हात लावत होत्या. तात्यांनी माझे दोन्ही हात धरले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "राखलंसा सायेब," ते म्हणाले, "वाट काढली नसती तर आज कायबी ऱ्हायलं नसतं." मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहत होतो. सांडव्यातून पाणी सरळ येत होतं, म्हशीवर आदळून पुरुषभर उडत होतं आणि उजवीकडं वळत होतं. उजवा काठ नव्हता. खाली जिथं घर होतं तिथं तांबडं सपाट पाणी वाहत होतं, दगडसुद्धा दिसत नव्हता.

हौसाबाई वर टेकाडावर छपराच्या तोंडाशी बसली होती. आत म्हातारी पडली होती, जिवंत. माझी चूक झाली, हे वाक्य मनात जुळवत मी तिच्यासमोर जाऊन बसलो. तिनंच सांगायला सुरुवात केली. पहाटे पाऊस उघडल्यावर ती म्हातारीला चहा द्यायला वर आली होती. चहा ओततानाच खालून आवाज आला. मागं वळून पाहिलं तर घर नव्हतं.

"समदं खाली न्हेलं हुतं बगा, रोज एक," ती म्हणाली. "म्हातारीचंच तेवढं ऱ्हायलं. काल न्हेनार हुते. पर दिसभर घर सारवन्यात ग्येलं. म्हनलं, उद्या दसरा हाय, म्हातारीला उद्या न्हेऊ."

ज्या शब्दानं तिचं घर गेलं होतं, त्याच शब्दानं तिची म्हातारी वाचली होती. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्या कपड्यांकडं बघून ती म्हणाली, लांबनं आलासा, चहा घ्या. तिच्यापाशी एकच पेला उरला होता, म्हातारीचा. तो विसळून तिनं त्यातून मला चहा दिला, आणि मी तिच्यासमोर बसून तो प्यालो.